ठासणीची बंदूक घ्यायचीय? मग लिंक मागायच्या आधी हे वाचा

ऑगस्ट उजाडला की माझ्या फोनवर एक मेसेज हमखास येतो, कधी ओहायोतून कधी न्यू जर्सीतून, "अरे तू ती पुढून भरायची रायफल घेतलीस ना, कुठली घेतलीस, लिंक टाक ना." लिंक मी टाकत नाही. उलट विचारतो, कुठल्या राज्यात मारणार, किती लांबून मारणार, आणि घरी आल्यावर त्याच रात्री बंदूक धुवायचा उत्साह आहे का. तिसऱ्या प्रश्नाला लोक हसतात आणि पुढच्या वर्षी गंजलेली नळी घेऊन माझ्याचकडे येतात.

तर यंदा सगळं एकदाच लिहून टाकतो. मी पश्चिम पेनसिल्व्हेनियात राहतो, अकरा सीझन झाले मझललोडरने हरणं मारतोय, त्यातले पहिले दोन सीझन म्हणजे नुसती फजिती. एक्स्पर्ट वगैरे नाही, पण नवीन माणूस कुठे कुठे पैसे फुकट घालवतो ते स्वतः घालवून बघितलंय.

मझललोडर म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपली ठासणीची बंदूक. कोकणातल्या मंडळींना सांगायला नको. आमच्या गावी आजोबांच्या चुलतभावाकडे होती, पीक राखायच्या परवान्यावरची, रानडुकरं आणि माकडं पळवायला बार काढायचे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, गजाने ठासायचं, मग छर्रे, परत बोळा, परत ठासायचं, शेवटी केप लावायची आणि कानात बोटं घालून आम्ही पोरं पडवीत उभी. अमेरिकेतल्या दुकानात पहिल्यांदा ही कार्बन रंगाची, स्कोप (नेमाची दुर्बीण) लावलेली रायफल हातात घेतली आणि खाली गज बघितला तेव्हा म्हटलं अरेच्चा, ही तर तीच! फक्त एक आत्ताच सांगून ठेवतो, खाली जे लिहिलंय ते सगळं अमेरिकेतलं आहे. भारतात ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा हे वाचून गावी जाऊन काही उद्योग करू नका.

आता ही जुनी वस्तू जाहिरातवाल्यांच्या भाषेत "हाय परफॉर्मन्स" कधी झाली? १९८५ साली टोनी नाइट नावाच्या माणसाने एमके-८५ नावाची रायफल काढली. त्यात ठिणगी बाजूने न येता दारूच्या बरोब्बर मागून सरळ रेषेत येते, म्हणून ह्या प्रकाराला इनलाइन म्हणतात. पुढे शॉटगनच्या काडतुसातला २०९ नंबरचा प्रायमर (ठिणगी पाडणारी छोटी टोपी, आपल्या केपसारखीच) त्यात वापरायला लागले आणि भिजक्या हवेतही बार उडायची खात्री वाढली. आज दुकानात मझललोडर मागितलात तर दहातल्या नऊ वेळा ही २०९ वाली इनलाइनच पुढ्यात येते.

आधी राज्याचं शिकारीच्या नियमांचं पुस्तक, मग दुकान

हे इतकं सांगूनही लोक उलटं करतात. सेल लागला म्हणून रायफल घेतात आणि मग कळतं की जिथे जायचंय तिथे ती चालतच नाही.

माझंच बघा. पिट्सबर्ग ज्या अॅलेघेनी काउंटीत येतं तिथे वस्ती दाट, म्हणून हरणांसाठी नेहमीची काडतुसाची रायफल चालत नाही, शॉटगन, धनुष्य किंवा .४४ आणि वरच्या कॅलिबरची (कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी, इंचात) मझललोडर. मी मझललोडरकडे वळलो तो ह्या कारणाने, हौस नंतर आली. आता पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरमध्ये आठवडाभर माद्यांसाठी मझललोडरचा सीझन असतो, त्यात इनलाइन चालते, स्कोप चालतो. पण ख्रिसमस झाल्यावर जो सीझन येतो तो फक्त फ्लिंटलॉकचा, म्हणजे गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पडणारी, १८०० सालाच्या आधीच्या बनावटीची बंदूक किंवा तिची नक्कल. तिथे तुमची सातशे डॉलरची इनलाइन घरी कपाटात. एकाच राज्यात दोन महिन्यांच्या अंतराने दोन नियम, सांगा आता.

पश्चिमेला जाल तर अजून कडक. कोलोरॅडोत मझललोडर सीझनला स्कोप नाही, सॅबो नाही (सॅबो म्हणजे गोळीभोवतीचं प्लॅस्टिकचं कवच, खाली येतंच), दारूच्या तयार वड्या नाहीत, सुटी दारूच हवी, आणि हरणाला निदान .४० तर एल्कला (तिकडचं मोठं हरीण) निदान .५० कॅलिबर. आयडाहो तर म्हणतं की ठिणगी पडायची जागा उघडी पाहिजे, म्हणजे बऱ्याचशा बंदिस्त इनलाइन तिथेच बाद. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, मझललोडर असली तरी. न्यू जर्सीत हरणाला काडतुसाची रायफल नाहीच, तिथे मझललोडर हीच काय ती रायफल, आणि तिच्यासाठी वेगळं रायफल परमिट काढावं लागतं.

हे नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून त्या वर्षीचं राज्याचं पुस्तक डाउनलोड करा आणि चार गोष्टी शोधा: कॅलिबर, ठिणगीचा प्रकार, स्कोप, आणि दारू-गोळीवरची बंधनं. अर्धा तास लागतो. चहा घेऊन बसा.

कागदपत्रं, आणि व्हिसावाल्यांसाठी जरा जास्त

पहिल्यांदाच लायसन्स काढत असाल तर हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, बहुतेक ठिकाणी ऑनलाइन होतो, कंटाळवाणा आहे पण झाडावर चढताना बंदूक कशी वर घ्यायची वगैरे जे शिकवतात ते खरंच उपयोगी. त्यावर लायसन्स, बऱ्याच राज्यांत त्याच्यावर मझललोडरचा वेगळा शिक्का.

दुसरं असं की फेडरल कायद्यात तयार काडतूस न चालणारी मझललोडर "अँटिक" धरली जाते, साधी बंदूक नाही, म्हणून बऱ्याच राज्यांत ती पोस्टानेसुद्धा घरपोच येते. हे ऐकून आपली मंडळी खूश होतात. थांबा. राज्याचा कायदा वेगळा असू शकतो, न्यू जर्सीत मझललोडर घ्यायलाही फायरआर्म्स आयडी कार्ड लागतं. शिवाय काही मॉडेल्स अशी की नळी बदलली की काडतुसाची रायफल तयार, थॉम्पसन सेंटरची एन्कोर त्यातलीच, ती फेडरल कायद्यातही बंदूकच. आणि एच-वन बी वगैरे व्हिसावर असाल तर नॉन-इमिग्रंट माणसाला बंदूक बाळगायची मुळात मनाई आहे, वैध शिकारीचं लायसन्स हा त्यातला एक अपवाद. इथे गडबड झाली तर नुसता दंड होत नाही, इमिग्रेशनची सगळी फाइल गोत्यात येते, तेव्हा दुकानदाराच्या नाही, वकिलाच्या तोंडून ऐका. शंभर-दोनशे डॉलर जातील, जाऊ देत.

किती लांबून मारणार, खरं सांगा

जाहिरातीत माणूस डोंगरावर पालथा पडून तीनशे यार्डावरचा एल्क टिपतो. आमच्याकडे ओकच्या जंगलात पन्नास यार्डाच्या पुढचं दिसतच नाही, माझी आजवरची सगळ्यात लांबची गोळी शंभरच्या आतली.

आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. शंभर ग्रेन (दारू-गोळीचं बारीक माप) दारू आणि अडीचशे ग्रेनची गोळी धरली तर वेग साधारण १८०० फूट सेकंदाला, नेहमीच्या काडतुसाच्या थर्टी-ऑट-सिक्स रायफलीचा २८०० च्या आसपास. गोळी जाड आणि हळू, त्यामुळे १०० यार्डाला नेम बसवलात तर २०० यार्डाला ती फूटभर तरी खाली लागते. व्हाइटटेल हरणाची हृदय-फुप्फुसाची जागा साधारण आठ इंचांची. करा हिशोब. अंतर चुकलं तर गोळी पायात, आणि मग जखमी जनावर शोधत रात्रभर टॉर्च घेऊन फिरा, आणि दुसरा बार भरायला सवयीच्या माणसालाही अर्धा-पाऊण मिनिट जातं.

म्हणून माझ्या लेखी हाय परफॉर्मन्सचा अर्थ वेग नाही. थंड, स्वच्छ नळीतून पहिला बार दरवेळी उडतोय आणि दरवेळी त्याच जागी लागतोय, ती बंदूक हाय परफॉर्मन्स. दुसरा बार जवळजवळ नसतोच.

आता रायफल

सगळ्यात आधी बघायचा तो ब्रीच प्लग. नळीच्या मागच्या टोकाला बसणारा स्क्रू म्हणा, त्याच्या मधोमध बारीक भोक, त्यातून प्रायमरची ज्योत दारूपर्यंत जाते. बंदूक जुनी असो नवी असो, सगळा खेळ ह्या भोकाचा. हा प्लग हाताने किंवा एका साध्या पान्याने सुटला पाहिजे, आणि पंचवीस बार काढल्यावरही सुटला पाहिजे. दुकानात विक्रेत्याला म्हणा, काढून दाखव. तो स्वतःच झटापट करायला लागला तर पुढचं मॉडेल बघा.

कॅलिबर: .५० घ्या. अर्धा इंच. बाकी चर्चा करायची तर रात्र जाईल, .४५ ला वारा कमी लागतो, लांब पल्ल्याला बरी, .५४ जुन्या लोकांची आवडती, पण .५० ची गोळी, सॅबो, ब्रश सगळं कुठल्याही गावच्या दुकानात मिळतं आणि बहुतेक राज्यांत एल्कलाही चालते. पहिली बंदूक .५०. संपलं.

ट्विस्ट म्हणजे नळीच्या आत जे चक्राकार आटे असतात ते किती इंचांत एक फेरा घेतात. १:२८ म्हणजे अठ्ठावीस इंचांत एक फेरा, सॅबो आणि लांबट गोळीला हा ठीक, आणि बहुतेक इनलाइनला हाच असतो. १:४८ हा मधला मार्ग. १:६० किंवा १:६६ म्हणजे कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीसाठी, जुन्या घाटणीच्या बंदुकीत. इथे फसतात लोक: यार्ड सेलमध्ये सुंदर लाकडी दस्त्याची बंदूक स्वस्तात घेतात, त्यात सॅबो ठासतात, आणि गोळ्या टार्गेटवर कुठेही आडव्यातिडव्या लागतात. बंदूक वाईट नसते हो, तिला गोल गोळी हवी असते.

नळीची लांबी २४ ते ३० इंच. झाडीत बसणार असाल तर २४-२६ बरी, मोकळ्या रानात २८-३०. स्टेनलेस मिळत असेल तर पन्नास-शंभर डॉलर जास्त द्या, ह्या दारूची राख ओलावा ओढते आणि साध्या पोलादाला एका रात्रीत तांबूस करते.

मॉडेल्सची नावं घेतो, पण ही जाहिरात नाही. सीव्हीएची वूल्फ ही स्वस्तातली, तीनशे डॉलरच्या आसपास, ऑप्टिमा त्याच्या वर, अॅक्युरा त्याच्या वर, नळी स्पेनमध्ये बनते, बाराही महिने कुठेही मिळतात. ट्रॅडिशन्सची बकस्टॉकर आणि पर्सूट त्याच पट्टीतल्या. नाइटच्या बोल्ट वाल्या, नेम फार छान पण थोड्या महाग. हजार डॉलरच्या वर गेलात की सीव्हीएची पॅरामाउंट वगैरे, लांब पल्ल्याच्या, जास्त दारू खाणाऱ्या. रेमिंग्टनने २०१४ मध्ये आपल्याच मॉडेल ७०० रायफलीच्या धर्तीवर अल्टिमेट नावाची काढली होती, तिच्यात दोनशे ग्रेनपर्यंत दारू चालते. दोनशे ग्रेन! खांदा कुणाचा, तुमचा. मी स्वतः मधल्या किमतीची घेतली आणि उरलेल्या पैशात दारू, गोळ्या आणि रेंजची फी भरली, हे मात्र मी कुणालाही छातीठोक सांगेन.

एक धोक्याचं. सॅव्हेजची १० एमएल नावाची बंदूक होती, आता बंद झाली, ती आधुनिक धूररहित म्हणजे स्मोकलेस दारूसाठीच बनवलेली. तिच्यामुळे लोकांचा गैरसमज होतो की कुठल्याही मजबूत मझललोडरमध्ये स्मोकलेस चालते. नाही. नळी फुटते, बोटं जातात, डोळे जातात. बनवणाऱ्याने स्पष्ट लिहिलं नसेल तर एक चिमूटही नाही.

जुनी वापरलेली घेत असाल तर आधी गज आत सोडून ती भरलेली तर नाही ना ते बघा. हसू नका, गेल्या सीझनचा बार तसाच आत असलेल्या बंदुका विकायला येतात. गज बाहेरून नळीला लावा, मग आत टाका, आतली खोली ब्रीच प्लगपर्यंत भरते का बघा. मग प्लग काढून उजेडात नळी बघायची, आत खड्डे दिसले की नमस्कार करून निघायचं.

खांद्याला लावताना डोळे मिटून लावा आणि मग उघडा, स्कोपमध्ये पूर्ण गोल दिसला तर दस्ता तुमच्या मापाचा. मान ताणावी लागली तर नाही. जाड जॅकेट घालून बघा, नोव्हेंबरात टी-शर्टवर कोण बसतंय.

दारू, म्हणजे ती दारू नव्हे

खरी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा, गंधक. ती आगीला फार हळवी, साठवणुकीचे नियम कडक, म्हणून बहुतेक दुकानं ठेवतच नाहीत, बदली दारू ठेवतात. पण फ्लिंटलॉकला खरीच हवी, कारण बदली दारूला पेटायला जास्त उष्णता लागते आणि गारगोटीच्या ठिणगीने ती रंजक नीट पकडत नाही. (रंजक हा शब्द आपल्या तोफांच्या वेळचा, तोफेच्या कानात म्हणजे पेटवायच्या भोकात घालायची बारीक दारू. इथले लोक त्याला प्रायमिंग म्हणतात, मला आपलाच शब्द आवडतो.)

इनलाइनसाठी मुख्य तीन नावं. पायरोडेक्स जुनं, स्वस्त, काळ्या दारूसारखंच गंज आणणारं. ट्रिपल सेव्हन जास्त जोरकस, तितक्याच मापाला काळ्या दारूपेक्षा साधारण १५ टक्के जास्त ताकद, म्हणून माप कमी घ्यायचं, आणि चार-पाच बारांनी नळीत एक कडक कडं तयार होतं त्यावर पुढची गोळी अडते, प्रत्येक बारानंतर ओलं फडकं फिरवलं की त्रास नाही. ब्लॅकहॉर्न २०९ महाग पण घाण कमी आणि गंज जवळजवळ नाही. त्याच्या दोन अटी: ताकदवान २०९ प्रायमर हवा, म्हणजे फेडरल कंपनीचा २०९ए किंवा सीसीआयचा २०९एम, आणि ब्रीच प्लग त्याला चालणारा हवा, काही मॉडेल्सना वेगळा विकत घ्यावा लागतो. "मझललोडरसाठी खास" असं लिहिलेले मऊ प्रायमर ब्लॅकहॉर्नला पुरत नाहीत, मी पाकीट घेऊन आलो होतो, परत नेऊन दिलं.

वड्या, म्हणजे पेलेट्स, सोप्या. पन्नास ग्रेनची एक, दोन टाकल्या की शंभर. सुटी दारू मापाने घ्यायची, आणि हे माप आकारमानाचं असतं, वजनाचं नाही. ब्लॅकहॉर्नचं शंभरचं माप वजनात साधारण सत्तर ग्रेन भरतं, तेव्हा तराजूवर शंभर ग्रेन तोलून ओतलंत तर घोळ. किती टाकायची ते बंदुकीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, तेवढीच. जाहिरातीत "मॅग्नम १५०" दिसलं की तीन वड्या टाकायचा मोह होतो. तिसऱ्या वडीने वेग थोडा वाढतो, धक्का भरपूर वाढतो, आणि धक्क्याची भीती बसली की माणूस ट्रिगर ओढताना डोळे मिटतो. मी ऐंशीपासून सुरू केलं, शंभरवर थांबलो.

गोळी

सॅबो म्हणजे प्लॅस्टिकच्या पेल्यात बसवलेली .४५ ची गोळी, .५० च्या नळीत घट्ट बसते, बाहेर पडली की पेला गळून पडतो. किंवा पूर्ण .५० ची शिशाची लांबट गोळी. पॉवरबेल्टसारख्या मागे प्लॅस्टिकची टोपी असलेल्या गोळ्या ठासायला हलक्या, नवशिक्याला आवडतात. बार्न्सच्या नुसत्या तांब्याच्या, कॅलिफोर्नियावाल्यांना चालतील.

कुठली चांगली? तुमच्या नळीला विचारा. खरंच, एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन बंदुका वेगवेगळ्या गोळ्या पसंत करतात. तीन प्रकारची छोटी पाकिटं घ्या, मोठं एकही घेऊ नका. गोळी गजाने ठासताना एका हाताच्या जोराने सरसर गेली पाहिजे पण स्वतःच्या वजनाने खाली घसरता कामा नये. गज झाडाला टेकवून अंग टाकावं लागतंय तर ती गोळी त्या नळीची नव्हे.

रेंजवर

सीझनच्या आधी निदान तीन वेळा जा. पहिल्यांदा २५ यार्ड, कागदावर लागली की ५०, मग १००. क्रम कायम तोच ठेवा आणि मनात नाही, तोंडाने म्हणा: दारू, गोळी, ठास, प्रायमर. गप्पा मारत भरणारा माणूस एकतर दारू विसरतो किंवा दोनदा टाकतो. दारूचा डबा थेट नळीवर उलटा करायचा नाही, आत ठिणगी राहिली असेल तर डबाच हातात पेटेल, आधी मापात आणि मापातून नळीत.

पहिल्या दिवशी गजावर दोन खुणा करा, रिकाम्या नळीची एक आणि बरोबर भरलेल्या बाराची दुसरी. गोळी दारूला टेकलेली हवी, मधे पोकळी राहिली तर दाब वेडावाकडा वाढून नळीला धोका. दुसरी खूण नळीच्या तोंडाशी जुळली म्हणजे टेकली.

बार उडाला नाही तर? बंदूक टार्गेटकडेच धरून ठेवायची आणि मिनिटभर तरी थांबायचं, दारू आत धुमसत असते आणि उशिरा उडते. वाकून बघायचं नाही. हे वाचताना सोपं वाटतं, प्रत्यक्षात मान आपोआप वळते.

प्रत्येक बारानंतर फडकं फिरवा, थंड होऊ द्या, मगच पुढचा. तीन बारांचं झुपकं १०० यार्डावर तीन इंचात आलं तर शिकारीला भरपूर. आणि प्रत्येक दिवसाचा पहिला बार, थंड स्वच्छ नळीचा, वहीत वेगळा लिहा, कारण रानात तोच असणार आहे.

तो टक्क

माझा दुसरा सीझन, ऑक्टोबरचा तिसरा आठवडा, बारीक पाऊस. सकाळी सव्वासातला एक मादी चाळीस पावलांवर ओकची फळं खात आली. स्कोप खांद्याच्या मागे टेकला, श्वास सोडला, ट्रिगर ओढला. टक्क. नुसता प्रायमर. तिने मान वर केली, माझ्या झाडाकडे बघितलं, कान हलवले आणि परत फळं खायला लागली. मी तसाच हलायचं नाही म्हणून बसून. मिनिटभराने दुसरा प्रायमर लावला, टक्क. ती सावकाश निघून गेली, पळालीसुद्धा नाही, इतका मी दुर्लक्ष करण्यासारखा.

मी पावसाला शिव्या घातल्या. घरी आणून रिकामी जागा बघून प्लग खोलला (मग गोळी मागून काढावी लागली, तेही एक काम), तर दारू कोरडी खडखडीत. आमच्या गल्लीतले एक रिटायर्ड आजोबा, आयुष्यभर पोलाद कारखान्यात काढलेले, त्यांना दाखवलं तर त्यांनी प्लगच्या भोकात टाचणी घातली आणि टोक माझ्या बोटाला पुसलं. तेल. सीझनआधी मी प्रेमाने बंदुकीला तेल पाजलं होतं ते सगळं त्या भोकात उतरून बसलेलं.

झाडावर चढता-उतरताना प्रायमर काढलेला असावा आणि बंदूक दोरीने वर ओढून घ्यावी, तोंड खाली. नळीच्या तोंडाला इलेक्ट्रिकचा टेप लावा, पाऊस आत जात नाही, टेपमधूनच बार काढता येतो. आणि थंडीतून भरलेली बंदूक ऊबदार घरात आणू नका, आत दव धरतं. प्रायमर काढून कुलूप लावून थंड गॅरेजमध्ये ठेवा, बऱ्याच राज्यांत प्रायमर काढलेली मझललोडर रिकामी धरतात पण तुमच्या राज्याचं बघा, आणि घरात पोरं असतील तर सरळ सुरक्षित जागी बार काढून रिकामी करूनच आणा.

धुणं

पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन किंवा काळी दारू वापरलीत तर त्याच रात्री. प्लग काढायचा, गरम पाणी, थोडं भांड्यांचं साबण, ब्रश, मग फडकी येईपर्यंत पांढरी. बाथटबमध्ये केलं तर घरभर सडक्या अंड्याचा वास येतो, मला आता गॅरेजमधली बादली नेमून दिलेली आहे. ब्लॅकहॉर्नला पाणी चालत नाही, त्याला बंदुकीचं नेहमीचं सॉल्व्हंट लागतं, आणि प्लगच्या भोकात कडक काजळी बसते ती योग्य मापाच्या ड्रिल बिटने हातानेच फिरवून काढायची, मशीन लावायचं नाही. प्लगच्या आट्यांना अँटी-सीज (आटे जाम होऊ न देणारं) ग्रीस, नळीला तेलाचा हलका हात.

आणि पुढच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी, दारू टाकायच्या आधी, कोरड्या फडक्याने ते तेल काढून टाका. मग गजाच्या टोकाला एक स्वच्छ फडकं लावून तळापर्यंत न्यायचं, तोंड सुरक्षित दिशेला, आणि नुसता प्रायमर उडवायचा. गज बाहेर काढून फडकं बघा. मधोमध जळका काळा ठिपका दिसला तर वाट मोकळी, बार भरा. फडकं कोरं निघालं तर परत प्लग खोलून टाचणी घाला.